पोशाख : सोयीचा

नंदाखाल,
८ जानेवारी १९९५

चि. कॅथरिन हिस दादाचे अ. आ. वि. वि.

येशूच्या कृपेने इथे सगळे खुशाल आहोत. रोवेनाची शाळेतली शिकवणी, माझी नोकरी आणि लहानग्या रायनची सर्दी, तिन्ही आपापल्या वेळेवर चालू आहेत. तू कुवेतला गेल्यापासून मला दटावणारं कुणी उरलं नाही, म्हणून वजन वाढलं आहे.

आता आईचं. खुब्याचं हाड मोडल्यावर तिला एकटीला आंघोळ जमेना आणि दिवसभर घरात कुणी नाही, म्हणून ऑक्टोबरात राजोडीच्या वृद्धनिवासात खोली घेतली, हे तुला ठाऊक आहेच. खोली तिची एकटीची आहे, खिडकीतून सुरूची झाडं दिसतात, आंघोळ-कपड्यांना लतिका नावाची बाई येते. नखं कापलेली, अंथरूण स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही. पण आई बदलली आहे. जेवायला खाली येत नाही. खालच्या हॉलमध्ये रविवारी मिस्सा होते, तिलाही नाही. पहाटे उठून चर्चला चालत जाणारी आपली आई आता गळ्यापर्यंत चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडते. चादर काढली की पुन्हा ओढते. मी गेलो तरी वळत नाही.

व्यवस्थापक व्हॅलेरियन म्हणतात, तिला भ्रम झाला आहे, वरच्या मजल्यावर हलवू. तिथे दाराला बाहेरून कुलूप असतं. ३१ तारखेपर्यंत माझी सही मागितली आहे. मला काही सुचत नाही. तू नर्स आहेस, तूच सांग. नाताळात चादर बाजूला करून तिचा फोटो काढला, तो सोबत आहे.

सगळ्यांची तुला आठवण.
तुझा,
फर्डिनंडदादा

---

कुवेत,
१९ जानेवारी १९९५

ती. दादास कॅथरिनचा सा. न. वि. वि.

तुझ्या वजनाबद्दल पुढच्या पत्रात बोलेन. आज फक्त आईचं.

फोटो पाहून आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणा म्हातारीचा आला. फुलाफुलांचा गाऊन घातलेली ती बाई आपली आई आहे हे कळायला मला फोटो दिव्याखाली धरावा लागला. दादा, आईला लाल लुगड्याशिवाय तू कधी पाहिलं आहेस? बाबा गेले त्या दिवशीही लोक जमायच्या आत उठून ती लुगडं नेसली होती. माझा गाऊन अंगणात वाळत घातलेला दिसला तरी उचलून मागच्या दोरीवर टाकायची. तिच्या लेखी ती उघडी आहे. उघड्या अंगाने ती मिस्सेला कशी बसेल, तुझ्याकडे तोंड कसं करेल? तिचं डोकं ठिकाणावर आहे, म्हणूनच ती चादर ओढते.

सही करू नकोस. तिला न विचारता हा गाऊन कुणी ठरवला, ते त्या लोकांना तोंडावर विचार.

आणखी एक, हे रोवेनावहिनीला सांगू नकोस. माझ्या वॉर्डात सहा नंबरला एक अरब म्हातारी आहे. तिचा डोक्याचा रुमाल आम्ही स्वच्छतेसाठी काढून घेतला. ती उशीचा अभ्रा डोक्यावर घेते, आम्ही काढतो, ती पुन्हा घेते. तिच्या कागदावर 'गोंधळलेली' असा शेरा आहे. तो मी लिहिला आहे. मला माझीच लाज वाटते.

रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.
तुझी,
कॅथरिन

---

नंदाखाल,
२ फेब्रुवारी १९९५

चि. कॅथरिन हिस अ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. ते खिशात घालून तसाच राजोडीला गेलो आणि व्हॅलेरियनना वाट्टेल ते बोललो. मग त्यांनी फाईल उघडून पहिल्या दिवशीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. 'पोशाख' या शब्दापुढे लिहिलं होतं : सोयीचा, गाऊन चालेल. अक्षर माझं. खाली सही माझी. ते तीन गाऊनही मीच विरारच्या बाजारातून घासाघीस करून आणले होते. फॉर्म भरताना आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. घाईत मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन आईच्या पेटीतून लुगडं काढलं, तर नवाच घोळ. लुगडं नेसवता ना लतिकाला येतं, ना रोवेनाला. शेवटी रविवारी सकाळी शेजारच्या रोझलिनमावशीला रिक्षात घालून नेलं. सत्तरीची बाई, पण तिने आईला पलंगाच्या कडेला उभं करवून कासोटा घट्ट बसवला. लतिका शिकायला उभी होती. मी दाराबाहेर थांबलो.

आई वॉकर धरून खाली आली आणि मिस्सेला पुढच्या बाकावर बसली. नंतर सगळ्यांबरोबर जेवली, कालवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलीदेखील. मी तिची माफी मागितली. इतके महिने बोलली का नाहीस, असं विचारलं. तेव्हा शांतपणे म्हणाली, तिला वाटलं होतं, आता तिने चारचौघांत यायचं नाही असं मीच ठरवलं आहे. मुलगा सही करून गेला, मग बोलायचं कुणाशी.

सोमवारी नवा फॉर्म घेऊन तिच्यासमोर बसलो आणि एकेक ओळ तिला विचारून भरली. तासभर लागला. वरच्या मजल्याचा कागद कोरा परत दिला.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा,
फर्डिनंडदादा

ता. क. रोवेनाला सांगितलं नाही, पण आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती विचारते आहे, त्या सहा नंबरच्या बाईचा रुमाल परत दिलास का. उत्तर मला नको, थेट आईच्या नावाने लिही.