पहिली बशी

मंगळवार, ४ ऑक्टोबर

चि. ठमीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. अडुसष्टाव्या वर्षी 'चिरंजीव' म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि हा एवढा अधिकार काही सोडणार नाही. पत्र पोचलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. जावईबापू स्वतः थेंब घालतात म्हणे. लेकीच्या घरी एका खोलीत राहणं सोपं नसतं, पण माणसं चांगली मिळाली आहेत तुला. इथे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरतो, दोघांचं बरं जमतं.

पत्राचं कारण असं की मला तुझं मत हवंय. पंधरा तारखेला, शनिवारी, घरी पाहुणे जेवायला आहेत. जेवण बाहेरून येणार आहे. पण काल सूनबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली की सुरुवातीला काहीतरी हलकं, गरम असं सुचवा, आणि जमलं तर तुम्हीच करा. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मोठ्या हॉटेलात मेजवान्यांच्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं मी फक्त जेवणाआधीची ही पहिली बशी केली, आणि उत्तराला वेळ मागून घेतला! हरखलो होतो गं, चेहऱ्यावर दाखवलं नाही इतकंच.

दुधाचं प्रकरण तुला माहीत आहे. जूनमध्ये दूध गॅसवर राहिलं, पातेल्याचा कोळसा झाला, पडदा पेटता पेटता राहिला. माझ्याच हातून झालं. तेव्हापासून सूनबाई ऑफिसला जाताना शेगडीची चारही बटणं उपसून पर्समध्ये घालून नेते. ती वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर तू लगेच पदर खोचशील. सकाळी लवकर उठून माझा डबा भरते, गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवते. पण एक वाजता डबा उघडला की आतलं सगळं कोमट. चार महिन्यांत मी दुपारी आचेवरून उतरलेलं काही खाल्लेलं नाही. दिवसभर खोली, गॅलरी, पुन्हा खोली. खालचा वॉचमन मला हात करतो, मी त्याला करतो. दुपारपर्यंत हे पाच वेळा होतं, मग दोघांनाही लाज वाटून आम्ही दुसरीकडे बघतो.

आता आतली गोष्ट. पाहुण्यांत सूनबाईची मैत्रीण आहे, आणि त्या मैत्रिणीची थोरली बहीण. ती थोरली म्हाताऱ्या माणसांचं एक निवास चालवते. त्याचं माहितीपत्रक मला सोफ्याच्या उशीखाली मिळालं. मागे आपल्या चिरंजीवांच्या अक्षरात लिहिलंय, 'पंधराला बघून घेतील.' म्हणजे मला. मी इथे राहायचं की तिथे जायचं हे त्या जेवणावर ठरणार, आणि जेवणाची सुरुवात मी करायची. बकऱ्यानेच मसाला वाटायचा अशातली गत.

मला जायचं नाही, ठमे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून ठरवलंय की त्या दिवशी करूनच दाखवायचं. माझा हात आणि माझं डोकं दोन्ही शाबूत आहेत हे परक्या माणसासमोर दिसलं, की सूनबाईची भीती जाईल आणि बटणं पुन्हा शेगडीला लागतील.

तर काय करू? मक्याचं सूप बिनधोक आहे, पण हातात कप आला की माणूस गप्पा सोडून कप कुठे ठेवू याच्याच विवंचनेत पडतो. भाजलेल्या पावावर टोमॅटो चांगला लागतो, पण पाच मिनिटांत पाव चामडं होतो, आणि पाहुणे कधी वेळेवर येत नाहीत. मन मशरूमवर बसलंय. देठ काढायचे, तेच बारीक चिरून लोण्यावर परतायचे, पावाचा चुरा, अक्रोड, जराशी लिंबाची साल, आणि हे सगळं पुन्हा मशरूमच्या टोपीत भरून झाकणाखाली मंद आचेवर. एका घासाची वस्तू. पोट भरत नाही, भूक जागी होते. जिभेला चटका बसता कामा नये, पण ऊब घशाखालपर्यंत जाणवली पाहिजे. ती वेळ मिनिटाभराचीच असते आणि तीच साधायची असते.

उलट टपाली कळव. फोन नको, फोनवर बोललेलं हॉलमध्ये ऐकू जातं.

तुझा,
दादा


सोमवार, १७ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी आलं. 'मशरूमच कर, आणि मीठ चाखून बघ, तू पहिल्यापासून हात आखडता घेतोस' हे वाचून एकटाच हसलो. चाखून बघितलं. तुझं बरोबर होतं.

शनिवारी चार वाजता सूनबाईने पर्समधून एक बटण काढून ओट्यावर ठेवलं. चारांतलं एकच. मग स्टूल ओढून दारात बसली आणि मोबाइलमध्ये बघत असल्यासारखं करू लागली. हाताची सवय गेली होती. पहिल्या चार-पाच टोप्या ओबडधोबड भरल्या, त्या मी बाजूला ठेवल्या. नंतर हाताला आपोआप आठवलं. लोणी वितळल्याचा वास आला आणि मला रडूच फुटलं. सूनबाईला वाटलं, कांदा चिरतोय. कांदा त्यात नव्हताच.

थोरल्या बाई गोलमटोल, हसऱ्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी एक टोपी तोंडात टाकली आणि बोलता बोलता थांबल्या. मग दुसरी घेतली, मग तिसरी, आणि बशी हातात घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. आच किती, अक्रोड भाजून घेतले का, किती माणसांचं करायचात. मध्येच सहज विचारल्यासारखं आज वार कोणता, नातेवाईक कुठे कुठे असतात. मी सगळ्याची उत्तरं दिली, तुझा पत्तासुद्धा पिनकोडसकट सांगितला. बत्तीस टोप्यांतली एक उरली नाही. मला वाटलं, जिंकलो.

जेवायला बसल्यावर बाई सगळ्यांदेखत माझ्या पोराला म्हणाल्या, "अहो, यांना तुम्ही घरात कोंडून काय ठेवलंय? आमच्याकडे मोठं स्वयंपाकघर आहे, लक्ष ठेवायला माणूस आहे. आम्हाला अशीच हिंडती-फिरती माणसं हवी असतात. पहिल्या तारखेला एक खोली रिकामी होतेय."

सूनबाईचे डोळे भरून आले. तिला खरंच वाटलं की माझं भलं होतंय. आणि मी, ठमे, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मशरूम करपले असते तर यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा म्हणून पाठवलं असतं. चांगले झाले, तर यांना तिथे वाव आहे म्हणून पाठवतायत. मी पोराकडे बघितलं. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "बाबांना तिथे करमेल."

आता जे लिहायचं चार महिने टाळलं ते लिहितो. जूनमधलं ते दूध मी ठेवलं नव्हतं. पोराने ठेवलं होतं. चहा करतो म्हणाला, तेवढ्यात त्याला फोन आला, बोलत बोलत जिना उतरून गेला. मी आंघोळीत होतो. बाहेर आलो तर धूर. मी गॅस बंद केला, पडदा ओढून काढला, आणि तेवढ्यात सूनबाई दार उघडून आत आली. त्या दिवसांत त्या दोघांचं रोज वाजत होतं. त्याने नळ उघडा ठेवून घरभर पाणी केलं होतं, गाडीची किल्ली दोनदा हरवली होती. आणखी एकदा असं झालं तर मी भावाकडे निघून जाईन, हे तिचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तिने विचारलं, दूध कुणी ठेवलं. मी म्हटलं, मी.

एका पातेल्याची तर गोष्ट, असं वाटलं. मला बोलेल, दोन दिवस धुसफुसेल आणि विसरेल. जन्मभर आचेपाशी उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल तिला ते इतक्या चटकन पटेल असं वाटलं नव्हतं. एकदाही तिने, खरंच तुम्ही, असं विचारलं नाही. ते फार लागलं मला.

पोराला सगळं माहीत आहे. त्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला, खिडकी उघडली, लावली, बाबा काही हवंय का विचारलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी सूनबाईने बटणं उपसली तेव्हा तो तिथेच बूट घालत होता.

तू आता त्याला फोन करून फाडून खाशील. तसं करू नकोस, माझी शपथ आहे. दोघांचं हल्ली बरं चाललंय. आता मी खरं सांगितलं तर तिला ते माझ्या म्हातारपणाचं बोलणं वाटेल. आणि खरं वाटलं, तर चार महिने त्याने बापाला असं राहू दिलं हे ती त्याला कधीच माफ करणार नाही. मी कुठल्या बाजूने निघू सांग.

काल सकाळी सूनबाई बाजारात गेली होती. निवासाचा अर्ज टेबलावर होता. पोरगा येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "बाबा, मी सांगू का तिला? दुधाचं?"

चार महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पण तो विचारताना दाराकडे बघत होता. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की असाच बघायचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला उगाच?"

मी म्हटलं खरं, पण त्याचं मनगट धरून ठेवलं. नाही बाबा, सांगतोच, एवढं तो म्हणेल म्हणून थांबलो. एकदाच म्हणायचं होतं त्याने. मी पुन्हा अडवलं नसतं.

तो म्हणाला, "बरं." आणि मी मनगट सोडल्यावर खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

सही करून बसलेला,
तुझा दादा