तेलाच्या डब्यातला पाला

मी, जयवंता दादाजी गजघाटे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार प्रताप नगर, नागपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता माझे हे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र करून ठेवते. माझी नजर गेली आहे, म्हणून मी सांगते आणि शेजारचे धम्मदीप लिहितात. नजर गेली म्हणजे अक्कल गेली, असे उद्या कोणी कोर्टात म्हणू नये. माझे बोलणे कायद्यात बसवा, पण त्यातली कोणाची खरडपट्टी गाळू नका, असे मी धम्मदीपना बजावले आहे.

कलम १. प्रताप नगरातले दोन खोल्यांचे घर माझे पती कालकथित दादाजी यांनी बांधले व त्यांच्यामागे ते माझ्या नावावर झाले. ते मुलगा प्रशिक आणि सून नंदिनी यांना सारख्या हिश्श्याने द्यावे. नंदिनीचे नाव मी मुद्दाम घातले आहे. प्रशिक भिडस्त आहे, कोणी गोड बोलून मागितले तर दारे-खिडक्याही काढून देईल.

कलम २. बँकेत जे उरले असेल त्यातून माझा अंत्यविधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करावा. भाषणे कमी ठेवावीत. लोक जेवायलाच थांबलेले असतात.

कलम ३. माझा लोखंडी खलबत्ता नंदिनीला. त्यात तिने आता लसूण-मिरची कुटावी, मला वाईट वाटणार नाही. आईचे खुरपे कोणालाच नको असेल, तर भंगारवाल्याला द्यावे. गोणपाट, ज्यावर बसून मी आयुष्यभर सीताबर्डीच्या फुटपाथवर पाला विकला, तो माझा भाऊ धोंडबा याला द्यावा. का, ते पुढे सांगते.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे आहे, पण ती मालमत्ता आता नाही.

माझी आई गोपिका सावनेरकडच्या आमच्या गावाला औषध द्यायची. तिच्याकडे सगळ्याला एकच शब्द होता, पाला. तापाचा पाला, खोकल्याचा पाला, बाळंतिणीचा पाला. गिऱ्हाइके नंतर मला जडीबुटीवाली म्हणू लागली. त्या शब्दाला झोळीवाल्या बाबांचा वास येतो, मला तो कधी आवडला नाही. प्रशिकने शाळेत आईचा व्यवसाय ‘वनौषधी विक्री’ असा लिहिला होता. तो कागद वाचून मीच घाबरले, म्हटले ही कोण बाई. दवाखान्यातले डॉक्टर ‘तो झाडपाला-बिडपाला बंद करा’ म्हणतात. नात भूमिका पुण्याला औषधशास्त्र शिकते, ती हर्ब्स म्हणते. ज्याला त्या झाडाशी जेवढे देणेघेणे, तेवढा त्याचा शब्द.

आई पाला म्हणायची त्याला कारण होते. रोग्याला झाडाचे नाव सांगायचे नाही, सांगितले की गुण जातो, अशी तिची रीत. नाव फक्त एकालाच सांगायचे, जो पुढे चालवणार त्याला, आणि तेही झाड हातात देऊन, कानात. आधी ती पाला खुडण्यापूर्वी झाडाला हळद-तांदूळ वाहायची. छप्पन साली दीक्षा घेऊन आली आणि हळद-तांदूळ सोडले. नाव न सांगणे मात्र सोडले नाही. तो देव नव्हे, ती शिस्त आहे, म्हणायची. मला तिने एकेक नाव असेच नाल्याकाठी बसवून दिले.

पाल्याने सगळे बरे होते असे मी म्हणत नाही. दादाजींना माझ्या पाल्याने वाचवले नाही. डॉक्टरांनीही नाही.

नाल्याकाठची ती जमिनीची पट्टी, जिथे हा सगळा पाला उगवायचा, आईने सांगितल्याप्रमाणे माझ्याकडे राहायची होती. धोंडबाने मला न विचारता ती खाणीला दिली. मी जाब विचारला तेव्हा म्हणाला, “तिथं होतंच काय वं, पालाच तं होता.” कंबर धरली की याच पाल्यासाठी हा रात्री-अपरात्री फोन करायचा. म्हणून गोणपाट त्याला. त्यावर बसावे आणि काय होते ते आठवावे.

कलम ५. हे भूमिकासाठी. तिने एकटीने वाचावे.

पोरी, तू फोनवर नावे मागितलीस, मी दिली नाहीत, कारण फोनमध्ये झाड नसते. मग मे महिन्यात तू मला सावनेरला घेऊन गेलीस. नाला नव्हताच. खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर होता आणि त्यावर डंपर चढत होते. मला दिसत नव्हते, पण वास कळतो. तू विचारत राहिलीस, कुठे आजी, कोणत्या बाजूला. मी काय बाजू सांगणार होते.

तरी एक झाड उरले होते. फार वर्षांपूर्वी नाल्यावरून आणून गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेले, सांधेदुखीचे. त्याच रात्री तुझी पुण्याची रेल्वे होती, म्हणून त्याचे नाव दिवाळीच्या सुटीत सांगायचे ठरले. पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडले, खुबा मोडला आणि दवाखान्यात खिळून राहिले. घरातले सगळे माझ्यामागे धावत होते. त्यात ते झाड वाळले.

मी घरी आले तेव्हा डब्यात झाड होते. पान चुरून पाहिले, तर ते माझे नव्हते. माझ्या पाल्याला कडवट, ओल्या मातीसारखा वास यायचा, याला कापरासारखा येतो. प्रशिकने नर्सरीत जाऊन एखादी औषधी वनस्पती द्या म्हटले असेल, आणि त्यांनी दिली. माझ्या तोंडून त्याने जन्मभर नुसते पालाच ऐकले होते. त्याने दुसरे काय मागावे?

दिवाळीत तू माझ्याजवळ बसलीस, कान पुढे केलास, माझा हात धरून त्या झाडाला लावलास. दारात प्रशिक उभा होता. त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. मी म्हटले, पुढच्या खेपेला सांगीन. तू म्हणालीस, “मी तुले परकी वाटतो काय, आजी?” तू रागावून गेलीस, तेव्हापासून फोन नाही.

तू परकी नव्हतीस. नाव तुझेच होते. पण झाडावाचून नाव देता येत नाही, आणि खोट्या झाडावर दिले असते, तर उद्या तू तोच पाला कोणाला तरी दिला असतास. हे झाड ते नव्हे म्हटले असते, तर माझा मुलगा दारातच मोडला असता. म्हणून मी नाव ठेवून घेतले. बाकी नावेही माझ्याबरोबर जातील. त्यांना लावायला जगात कुठे झाड असेलही, पण मला ते माहीत नाही आणि शोधायला डोळे नाहीत. तुला देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. याचे मला फार दुःख आहे.

कलम ६. हे प्रशिकसाठी.

बाबू, तू रोज सकाळी त्या झाडाची पाने उकळून, गूळ घालून मला देतोस आणि आराम पडला का विचारतोस. मी हो म्हणते. आराम पडत नाही. तरी मी एक दिवसही काढा टाकला नाही, सगळा प्याले. माझे मरण त्या पाल्यामुळे आले, असे तू कधीही मनात आणायचे नाही. त्याने मला काही केले नाही, चांगले नाही आणि वाईटही नाही. झाड तुझे आहे, तुलाच देते. ते फेकू नकोस, पाणी घालत जा. त्याचे नाव मला माहीत नाही. तू पालाच म्हण.

वरील मजकूर धम्मदीप यांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून त्याखाली, दिसत नसल्याने सहीऐवजी, अंगठा देते. वाचतेवेळी प्रशिक घरात नव्हता. माझ्या चष्म्याची काडी बसवायला त्याला सीताबर्डीला पाठवले आहे. मला चष्म्याचा उपयोग नाही, हे त्याच्या लक्षात आले नाही.

नि. डा. हा. अं. जयवंता दादाजी गजघाटे

आमच्यासमक्ष अंगठा दिला:
१. सिंधूताई रामटेके, प्रताप नगर
२. संघपाल वासनिक, प्रताप नगर

लेखनिक: धम्मदीप खोब्रागडे
स्थळ: नागपूर
दिनांक: ११ जानेवारी २०२५