मालनची ओटी

आवं, तुमी कारखान्यावरनं यायच्या आत आमाला एस्टी गाठायची हाय, म्हणून लिवून ठिवती. मालनला मिरजंला नेतीया. मनाच्या दुखण्याचा दवाखाना हाय, दोन म्हैनं तिथंच ठिवून घेणार. पोर सोळाची हाय, अजून सुधरंल म्हणत्यात. भाकरी टोपल्यात हाय. म्हशीला वैरण टाका.

आत्ता निघायच्या वक्ताला तुमच्या आईनं तिची ओटी भरली. लगीन न्हाई झाल्यालं अन् ओटी! तवापासनं पोर एकच इचारतीया, "मला कुटं दिली?" म्या म्हणलं, "दिली न्हाई गं, औषधाला चाललोय." तर म्हणती, "मग माहेरी न्यायला मुराळी कवा येणार?"

आईला बोलू नका, लय रडल्यात. भेटायला ऐतवारी सोडत्यात. तुमीच या. पटका बांधून या.