काहिलीसारखी घासलेली नाव

दि. ४ जून २००६

तीर्थस्वरूप शशिधरमामांच्या चरणी भाचा वीरेश याचे शरणु शरणार्थ.

नेसरीत सगळे सुखरूप असतील असे धरून चालतो. नीलम्मामामींचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात मी डावा लिहिला होता, तो उजवा असल्याचे आईने सांगितले. चुकीबद्दल क्षमा असावी.) माझी प्रकृती ठीक आहे, फक्त अंगाला खाज सुटते. ती का सुटते हे सांगण्यासाठीच हे पत्र. आमच्या गावच्या नावेची बातमी एव्हाना एस.टी.ने तुमच्याकडे पोचली असेल, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर तिच्यात माझा थोडाथोडा दोष चढला असेल.

नोकरी कायम झाली की तुमच्या शांभवीच्या आणि माझ्या लग्नाचे बोलू, असा तुमचा शब्द आहे. मी ग्रामपंचायतीत तीन वर्षे हंगामी शिपाई आहे. गेल्या महिन्यात सरपंच रुद्राप्पाअण्णांनी बोलावून सांगितले, की पुराची तयारी बघायला मोठे साहेब येणार आहेत, पंचायतीची फायबरची नाव आरशासारखी दिसली पाहिजे, आणि तशी दिसली तर माझी जागा कायम. म्हणजे मामा, माझे लग्न त्या नावेच्या बुडाला चिकटलेले होते.

ही नाव सहा वर्षांपूर्वी आली. आल्या दिवशी तिला हार घालून नारळ फोडला आणि चावडीमागे पालथी घातली. (ती करवंटी मला परवा तिथेच सापडली.) तेव्हापासून शेजारच्या बनाबाई तिच्यावर उन्हाळ्यात शेणी वाळवतात आणि पावसाळ्यात गाव तिच्यावर कडबा रचते. गेल्या वर्षी पूर आला तेव्हा कडबा हलवायचा कुणी यावर दोन तास चर्चा झाली. तोवर माणसे पिराजीच्या गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून बाहेर पडली. ज्यात गूळ शिजतो त्या कढईत सरपंचही मांडी घालून बसले होते. पुढे पेपरात मात्र ‘पंचायतीच्या नावेने गाव वाचवले’ असे छापून आले. नावेचा फोटोही होता, हारासकट, सहा वर्षांपूर्वीचा.

आता फायबर कशाने चमकते हे गावात कुणालाच ठाऊक नव्हते. हंगामाआधी काहील कशी घासतात हे मात्र लहान पोरालाही ठाऊक. पिराजी म्हणाला, “काहील घासतोस तशी घास की! भांडं ते भांडं.” शेणाचे थर, शेवाळ आणि कोंबड्यांची सहा वर्षांची कामगिरी खरवडून काढली. मग विटांची पूड, राख, काथ्या आणि शेवटी पॉलिशपेपर. काम एकसारखे व्हावे म्हणून मी बुडावर खडूने चौऱ्याऐंशी चौकोन आखले होते आणि त्यांना क्रमांक दिले होते. त्यातून जी पांढरी भुकटी उडाली ती चावडीभर पसरली. बनाबाई शेणी न्यायला आल्या आणि खाजवत परतल्या. “मुडद्या, नावंला खाजकुयली लावलीस व्हय रं!” असे त्या अजून रोज सकाळी दारातून विचारतात.

दहाव्या दिवशी नाव उताणी केली, तर बुडातून पलीकडचा उजेड दिसू लागला. सरपंचांना बोलावून दाखवले. ते खूश झाले. “आरं, आतनंबी चमकाय लागली की!”

मी म्हटले, “अण्णा, तो पलीकडचा उजेड हाय.”

“मग उजेडच पायजे न्हवं? घास अजून!”

वरिष्ठांचा हुकूम. आणखी दोन दिवस घासली. वर खोबरेल तेल लावले, पाडव्याला म्हशीला लावतात तसे.

साहेबांचा नावेत बसायचा विचार नव्हता. पण तिच्यात स्वतःचे तोंड दिसल्यावर त्यांनी भांग पाडला आणि बसायचे ठरवले. सरपंचही बसले. घाटापासून वीसेक हात गेल्यावर साहेब फोटोसाठी उभे राहिले आणि त्यांचा पाय सदतिसाव्या चौकोनातून आरपार गेला. (तो चौकोन मी दोनदा घासला होता.) पाणी कमरेइतकेच असल्याने कुणी बुडाले नाही, साहेब गुडघ्यात नाव घालून उभे राहिले, इतकेच. पिराजी जवळच काहील धूत होता. ती ढकलत आला आणि म्हणाला, “या पावणं, बसा. हिच्यात गूळ शिजतोय, पर माणूस बुडत न्हाय.” साहेबांनी अहवालात लिहिले: नाव निकामी, काहील उत्तम.

तरी माझ्याविषयी मन कलुषित होऊ देऊ नये. शांभवीस आशीर्वाद. (आशीर्वाद मी द्यावा की नाही याची खात्री नाही, योग्य वाटल्यास द्यावा.)

आपला आज्ञाधारक,
वीरेश

ता. क. – पंचायतीला आता स्वतःची काहील हवी आहे. पिराजी त्याची देत नाही. म्हणतो, बसायला माझी आणि फोटोत तुमची. तुमचे गुऱ्हाळ बंद पडल्यापासून तुमची काहील परड्यात पालथी आहे. ती आणलीस तर जागा कायम, असे सरपंच पाच माणसांत बोलले आहेत. तेवढी टेम्पोत घालून पाठवावी. घासू नये.

ता. क. २ – शांभवीचे बोलणे दिवाळीनंतर झाले तरी चालेल, काहील मात्र पावसाआधी पाहिजे.

ता. क. ३ – तुमचा चष्मा फुटल्यापासून पत्रे तुम्हाला शांभवीच वाचून दाखवते, हे आत्ता आठवले. वरचे वाक्य खोडरबराने घासायला घेतले होते. पण कागदातून पलीकडचा उजेड दिसू लागला. कुठे थांबायचे ते आता मला कळते. वाक्य तसेच ठेवले आहे.