मागच्या पट्टीवरचा डावा हात

आबा,

माझ्या हातानं आजवर काय काय झालं ते आधी सांगून टाकतो. लोखंड आवळून धरायचे दोन शेगडे, त्यातल्या मोठ्याचं तोंड बरोबर चार इंच उघडतं. पायानं चालणारं भोकं पाडायचं यंत्र, त्याच्या चाकावर बैलगाडीची जुनी लोखंडी धाव चढवली आहे. आतलं आणि बाहेरचं माप घ्यायचे सहा कंपास. बिडाच्या तीन पाट्या, एकमेकींवर घासून इतक्या सपाट केलेल्या की तेलाचं बोट लावून एकीवर दुसरी ठेवली, तर वरची उचलताना खालची तिला लटकून येते. बायकोसाठी एक अडकित्ता, तो तिनं एकदाच वापरला. आणि या सगळ्यांच्या वर, लोखंड कातायचा साडेतीन फूट लांबीचा लेथ. त्याचा लाकडी साचा मी केला, ओतकाम तेवढं बाहेरून करून घेतलं, बाकी शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं घरामागच्या पडवीत. जळगावात कोणालाही विचारा. कचेरीतला कारकून, दिवसभर कागद खरडणारा, आणि घरात लेथ उभा करतो! लोक विचारतात, शिकलात कोणाकडे? मी सांगतो, कोणाकडेच नाही. एक इंग्रजी पुस्तक होतं, त्याचीही शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की आता म्हणताना ओठ आपोआप हलतात. आबा, या एका वाक्यावर मी वीस वर्षं मान ताठ ठेवून हिंडलो.

तुम्हाला बोदवडचं ते जिनिंग आठवत असेल. पावसाळ्यात कापूस नसायचा, यंत्रं बंद असायची आणि तुम्ही फिटर लोक ती उघडून दुरुस्त करत बसायचात. मी तेव्हा मॅट्रिकला होतो, सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. आईनं दिलेली भाकरी घेऊन आलो, तर तुम्ही पाणी प्यायला गेलेले. शेगड्यात एक लोखंडी पट्टी धरलेली आणि शेजारी कानस. मी ती उचलली आणि वीसेक हात मारले. फार वाईट मारले नव्हते, हे मी आजही म्हणेन. तुम्ही आलात. ओरडला नाहीत. माझ्या हातातून कानस घेतलीत, डाव्या हातात धरलीत, कारण तुमचं सगळंच डाव्या हाताचं, आणि माझा एकेक ओरखडा घासून काढू लागलात. मी उभा आहे, तुम्ही घासता आहात. शेवटचा ओरखडा गेला तेव्हा पट्टी इतकी पातळ झाली होती की ती टाकूनच द्यावी लागली. तुम्ही ती टाकलीत आणि दुसरी शेगड्यात धरलीत. तुमचा सोबती हसून म्हणाला, "पोरगा शिकी ऱ्हायना, शिकू दे ना भो!" तुम्ही मान वर न करता, आपला काळवंडलेला हात दाखवत म्हणालात, "शिकीसन काय करी? मन्हासारखा काया व्हई?" मग माझ्याकडे बघून, "तुन्हा हातमा लेखनी शे. कानसले हात लावू नको." तुम्ही मला शिकवलं नाहीत ते हे असं. पुढच्याच हिवाळ्यात तापाची साथ आली, तुम्ही गेलात, आणि मी लेखणी धरली.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाची आठवते. अमावास्येला तुम्ही हत्याराला शिवत नव्हता. शेठचा माणूस घरी बोलवायला आला, यंत्र अडलं आहे म्हणाला, तरी उठला नाहीत. "तो दिन आपला नही," एवढंच म्हणालात. मी विचारलं, "मग कोणाचा?" तुम्ही पाण्याचा तांब्या तोंडाला लावलात आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाहीत.

आता लेथचं सांगतो. लेथच्या पायावर शेजारी शेजारी दोन पट्ट्या असतात, पुढची आणि मागची, आणि त्यांच्यावरून हत्याराचा गाडा सरकतो. त्या जितक्या सपाट तितका लेथ खरा. सपाट करायची रीत तुम्हाला मी काय सांगावी? पाटीला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, ती पट्टीवर घासायची, जिथं उंचवटा तिथं लाल ठिपका उमटतो, तेवढाच ठिपका धारदार पात्यानं खरवडायचा, आणि पुन्हा शेंदूर. ठिपके आधी थोडे आणि मोठे असतात, मग बारीक आणि दाट होत जातात. माझ्या पुस्तकात यासाठी निळा रंग सांगितला आहे. मी पहिल्या दिवशी वाण्याकडे जाऊन शेंदूरच घेऊन आलो. तो मला कोणी सांगितला होता, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

पुढची पट्टी मी अकरा महिन्यांत केली, रविवारी आणि सुटीच्या दिवशी, खिडकीतून ऊन येई तेवढा वेळ. चौरस इंचात नऊ ठिपके, कुठं कुठं दहा. भिंगातून मोजलेले आहेत, अंदाजानं सांगत नाही. मग मागच्या पट्टीला एरंडेल फासलं, वरून फडकं टाकलं आणि पडवीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला असते. पुढच्या रविवारी फडकं उचललं, तर मागच्या पट्टीचे पहिले सहा इंच खरवडलेले होते.

मी आधी रागावलो, घाबरलो नंतर. शेंदूर लावून पाहिला. चौरस इंचात सतरा ठिपके. मला जन्मात जमले नसते. आणि पात्याचे सगळे फटकारे उजवीकडून डावीकडे उतरलेले. माझे डावीकडून उजवीकडे उतरतात, कोणत्याही उजव्या हाताच्या माणसाचे तसेच उतरतात. खाली लोखंडाची भुकटी पडली होती, स्वच्छ, अजून गंजही न धरलेली. बायकोला विचारलं, आत कोण गेलं होतं? ती फैजपूरकडची, बोलायला कोणाच्या बापाला भीत नाही. म्हणाली, "कोण जाणार? तुम्हीच तर बुधवारी दुपारी आत खर्र खर्र करत होतात. कचेरीतून लवकर आला असाल म्हणून दाराबाहेरून विचारलं, चहा टाकू का, तर म्हणे 'आते नही', आत्ता नको. वीस वर्षांत कधी तुमच्या तोंडून गावाकडचं ऐकलं नाही, मला हसूच आलं!" बुधवारी दुपारी मी कचेरीत होतो, साहेबांच्या समोर. मी तिला ते सांगितलं नाही. पंचांग काढलं. बुधवारी अमावास्या होती.

पुढच्या अमावास्येला आणखी सहा इंच. तिसऱ्या वेळी मी पडवीच्या जमिनीवर चुलीची राख चाळून पसरली आणि दाराच्या फटीला दोरा चिकटवून कचेरीत गेलो. संध्याकाळी आलो तर दोरा जागच्या जागी. राखेवर एकही पाऊल नव्हतं. राखेच्या वर, पट्टीच्या बरोबर खाली, लोखंडाची भुकटी मात्र होती.

चौथ्या वेळी मी रजा टाकली. सकाळी आठपासून पडवीत स्टुलावर बसून राहिलो, उघड्या डोळ्यांनी. चैत्राचं ऊन, पत्रा तडतडतोय, बाहेर चिटपाखरू नाही. काही झालं नाही. चार वाजले आणि मला अशी चीड आली म्हणून सांगू! लेथ माझा, बीड माझ्या पगाराचं, अकरा महिने माझे, आणि माझ्याच घरात मी चोरासारखा दबा धरून बसलो आहे. मी उठलो, पातं उजव्या हातात घेतलं आणि तुमच्या कामाच्या पुढचे दोन इंच मी स्वतः खरवडले. चांगले खरवडले. मोजून दहा ठिपके. म्हटलं, आता हा लेथ माझाच.

महिनाभर कोणी शिवलं नाही. पुढच्या अमावास्येला मी कचेरीत होतो. घरी आलो तेव्हा माझे ते दोन इंच नव्हते. माझा एकही फटकारा शिल्लक नव्हता. पण आबा, पट्टी काही टाकून देता येत नाही. दोन इंच खाली गेले तर त्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी आधीचे अठराही पुन्हा उतरवावे लागतात, आणि ते सगळे उतरवलेले होते. एका दुपारचं हे काम नव्हे, माझा एक उन्हाळा गेला असता. मी त्या पट्टीवर तळहात ठेवला. भर उन्हाळ्यात बीड गार होतं. तिथंच मांडी घालून बसलो, सतरा वर्षांचा असल्यासारखा, आणि बायको हाक मारेपर्यंत उठलो नाही. त्यानंतर मागच्या पट्टीला मी हात लावला नाही. दर महिन्याला सहा इंच होत गेले आणि बेचाळीस इंच पुरे झाले.

लेथ चालू झाला तेव्हा बघायला कोण कोण आलं. शाळेचे हेडमास्तर आले, पहूरचा एक सोनार आला. सगळ्यांना मी तेच वाक्य ऐकवलं, कोणाकडे शिकलो नाही, सगळं या दोन हातांनी. पुढची पट्टी दाखवायचो आणि मागच्या पट्टीसमोर उभा राहायचो, अंगरख्याआड ती झाकली जाईल असा.

मग धुळ्याहून एक शेठ आला. त्याची तेलाची गिरण आहे, लढाईमुळे बाहेरून यंत्रं येत नाहीत, आणि कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलेलं. सोबत त्याचा म्हातारा मिस्त्री होता, मुसलमान, पांढरी दाढी, डोळ्याला जाड चष्मा. शेठ बोलत राहिला, मिस्त्री कामाला लागला. त्यानं एक लोखंडी गज लावून कातला, दोन्ही टोकांना माप घेतलं, काही फरक नाही. मग माझ्याकडून शेंदूर मागून घेतला. पुढच्या पट्टीवर, सुरुवातीचा गाड्याखालचा भाग सोडून, पाटी फिरवली, मान डोलावली. मला 'जरा सरका' म्हणत बाजूला केलं आणि मागच्या पट्टीवर फिरवली. बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"शेट, आगली पट्टी चांगली शे," तो म्हणाला. "पन मांगली उस्तादनी शे. हाई एक मानूसनं काम नही. मांगला डावखुरा शे."

शेठ माझ्याकडे वळला. "अहो, मग तो डावखुराही द्या की आम्हाला! लेथबरोबर त्यालाही घेऊन जातो, पगार मागेल तो. कोण आहे?"

ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलं होतं. मिस्त्री चष्म्यातून माझ्या उजव्या हाताकडे पाहत होता. मी म्हणालो, "माझे वडील."

"बोलवा त्यांना!"

"ते सव्वीस वर्षांपूर्वी वारले."

"आणि हा लेथ कधीचा?"

"यंदाचा."

शेठ खो खो हसला. "कारकूनसाहेब, भाव वाढवायची ही रीत मी पहिल्यांदाच पाहिली! बरं, वाढवला." आणि त्यानं आधीच्या रकमेवर दोनशे चढवले. मिस्त्री हसला नाही. त्यानं बोटांचा शेंदूर रुमालाला पुसला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि रस्त्यावर उन्हात जाऊन उभा राहिला. शेठनं दोनदा हाक मारली तरी आत आला नाही.

मी शेठला नाही म्हणालो. बायकोला सांगितलं, स्वतःच्या हातचं काम कोणी विकतं का? कचेरीतही तेच सांगितलं. त्यांना ते पटलं, उलट माझा मान वाढला. पण आबा, कारण ते नव्हतं. शेठ येण्याच्या तीन दिवस आधी अमावास्या झाली होती. मागची पट्टी तर केव्हाच पुरी झालेली, म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं उचललं तर पुढच्या पट्टीचे, माझ्या पट्टीचे, पहिले सहा इंच तुम्ही उतरवले होते. मी भिंग घेऊन एकेक चौरस इंच पाहिला. सगळीकडे तुमचेच फटकारे. फक्त एका कडेला, शेगड्याच्या बाजूला, तीन ठिकाणी माझे फटकारे तसेच होते. ते चुकून राहिलेले नाहीत. त्यांच्या चारी बाजूंनी तुम्ही काम केलं आहे आणि त्यांना वळसा घालून पुढं गेला आहात. तीन. अजून छत्तीस इंच तपासायचे आहेत.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणून एवढं मोकळेपणानं लिहिलं. तरी हे पत्र पडवीत ठेवायचा धीर होत नाही, कारण इतक्या वर्षांत तुम्ही तिकडे काय काय शिकलात हे मला माहीत नाही. कचेरीतल्या माझ्या टेबलाच्या खणात राहील. तिथं तुम्ही कधी आला नाहीत. खरं एवढंच, की माझं काम तुमच्याकडून तपासून व्हायचं आहे, आणि ते होईपर्यंत मी लेथ पडवीतून हलू देणार नाही. धुळ्याच्या शेठनं शेवटी अकराशे रुपये सांगितले होते, रोख, आणि गाडीभाडं त्याचं. मी नको म्हणालो.