रिकाम्या खोलीचा आवाज

८ सप्टेंबर, सोमवार

जबलपूरला पोचलो. खोली पाहताक्षणी आवडली, हे माझ्या बाबतीत नवलच. मदन महल स्टेशनापासून पायी येता येतं, आणि खिडकीतून टेकडीवरचा किल्ला दिसतो. खाली घरमालक राहतात, रत्नाकरकाका आणि शैलजाकाकू. उद्यापासून मी ज्या कारखान्याच्या भांडार विभागात बसणार, तिथूनच काका निवृत्त झालेत. माझी पेटी लोखंडी जिन्यावरून चढवताना त्यांनी विचारलं, काहून जी, दगडं भरून आणले काय वर्ध्याहून?

दगडं नव्हती. लॅपटॉप, माइक आणि दोन स्पीकर होते. बाबा गेल्यापासून मला कशाचं फारसं काही वाटत नाही. वाईटही नाही अन् चांगलंही नाही. डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या. म्हणून कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकायचं ठरवलं. गाता येत नाही, वाजवता येत नाही, मग हेच उरलं होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

गोहलपुरात क्लास लावला. खाली वेल्डिंगचं दुकान, वर प्रथमेशची खोली. तो मराठी घरातलाच, पण मराठी दोन वाक्यांत संपतं आणि मग हिंदी सुरू. आज पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या कापायला आणि सरकवायला शिकलो. मी लावलेला तबला ऐकून तो म्हणाला, सर, अच्छा है, पण डबा वाजून राहिला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात भुलाबाई मांडलेली! वर्ध्याचा सण इथे भेटेल असं वाटलं नव्हतं. गाणी एकट्या काकू म्हणतात. कॉलनीतल्या मुली टाळ्या वाजवतात, कारण मराठी त्यांना कळतं पण तोंडातून येत नाही. शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. काकांना पहिल्याच झटक्यात कळतं. मुली जिंकाव्यात म्हणून ते मुद्दाम लाडू, लाडू करत बसतात. मला ते फार आवडून गेले.

नंतर काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्यामागे हे गाणे म्हणणारं कोणी नाही, तुमच्या मशीनमध्ये ठेवून द्या.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारभर काकूंची गाणी रेकॉर्ड केली. आवाज गोड, पण मागे फ्रिजची घरघर. त्यावरचा उपाय प्रथमेशने शिकवला होता. खोली रिकामी करायची, थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करायची आणि मशीनला सांगायचं की हा कचरा. मग तेवढं ती सगळीकडून काढून टाकते.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. काका मात्र आपल्या खुर्चीवर जप करत होते. आता वडीलधाऱ्या माणसाला, त्यांच्याच घरात, जपावरून उठा असं कसं म्हणायचं? माझ्या तोंडून ते निघणं शक्यच नव्हतं. तसेही ते गप्पच होते. श्वास आणि माळेची बारीक टकटक, बस. मी तसंच रेकॉर्ड केलं.

साफ केल्यावर काकूंचा आवाज असा आला, जशा काही शेजारी बसून म्हणतायत. मूळचं रेकॉर्डिंग प्रथमेशकडे ठेवायला दिलं आणि माझ्याकडे हेच जपून ठेवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांना ऐकवलं. काकू लाजल्या. काका काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. काकूंनाही नाही. त्या म्हणाल्या, अहो, पुटपुटून काय राहिले, धड बोला न.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वळून पाहिलं तर काका माझ्या दारात उभे. तो जिना मांजर चढलं तरी वाजतो. मला पाऊल ऐकू आलं नव्हतं. काकांचे ओठ हलत होते, बराच वेळ. त्यांनी गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

काकूंना सांगितलं, दवाखान्यात न्यायला हवं. त्या म्हणाल्या, हो, नेऊ. आणि भाजी निवडत बसल्या.

२८ सप्टेंबर, रविवार

भुलाबाईच्या वेळी काकांनी डबा हलवला. आवाज आला नाही. एका मुलीने हलवला, आतले फुटाणे खडखडले. पुन्हा काकांनी घेतला. काही नाही. मुलींना गंमत वाटली, त्या खिदळल्या. काका डबा जोरजोराने हलवत राहिले, मान थरथरेपर्यंत. मग त्यांनी तो खाली ठेवला.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. कचरा म्हणून मशीनला मी काकाच दाखवले होते. घाबरायला हवं होतं. मी नुसता डबा उचलून जागेवर ठेवला.

३० सप्टेंबर, मंगळवार

काकूंनी दोन कप चहा केला, त्यांचा आणि माझा. काका समोरच बसलेले. मी विचारलं, काकांना? त्यांनी खुर्चीकडे जरा पाहिलं, कुणाचं नाव विसरल्यावर पाहतात तसं. म्हणाल्या, अरे हो. आत गेल्या. परत आल्या नाहीत.

माझा कप मी काकांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, प्यायले नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

प्रथमेशकडून मूळ रेकॉर्डिंग परत घेतलं. खोलीत काका असतानाच शांतता रेकॉर्ड केली, एवढंच त्याला सांगितलं. तो म्हणाला, सर, मशीन पूछती नहीं, जे दाखवाल ते काढते. खरी रिकामी खोली रेकॉर्ड करा आणि पहिल्यापासून पुन्हा साफ करा. बोलता बोलता त्याने विचारलं, घरात कोण कोण असतं? मी म्हणालो, फक्त काकू.

रस्त्यावर आल्यावर काका आठवले. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मला स्वतःची भीती वाटली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज केलं. काकूंना शेजारी पाठवलं. काकांचा हात धरून त्यांना जपावरून उठवलं आणि व्हरांड्यात नेऊन बसवलं. हाताला वजनच नव्हतं. दार लावलं. मी श्वास रोखून बसलो आणि रेकॉर्ड केलं. सगळी गाणी नव्याने साफ केली. आधीची पुसून टाकली.

आता फक्त वाट पाहायची.

४ ऑक्टोबर, शनिवार

काका खोकले! खाली, स्पष्ट. मग काकूंचा आवाज चढला, चपला घालून आत काहून आले म्हणून. काका उलट बोलले. इतकं सुंदर भांडण मी ऐकलेलं नाही. मी रडलो, अगदी हुंदके देऊन.

हुंदक्यांचा आवाज आला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

खोली रिकामी नव्हती. मी होतो. बटण दाबायला कोणीतरी लागतंच —

जिन्यावरून धावत उतरलो. जिना वाजला नाही. काकूंना हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. काका मात्र थबकले, माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले. अजून आहे मी त्यांच्यासाठी.

पुन्हा साफ करून पाहू? पण या वेळी बटण काकांना दाबावं लागेल. मग काका —

नाही. ते नको.

६ ऑक्टोबर, कोजागरी

अंगणात दूध आटतंय. काका गात होते, बेसूर. मला आमंत्रण नाही. वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

काकांनी वर पाहिलं. काकूंना विचारलं, वरच्या खोलीत दिवा कोणी ठेवला?

८ ऑक्टोबर

काका खोली दाखवायला कुणाला तरी घेऊन आलेत. सांगतायत, पुष्कळ दिवसांपासून रिकामीच आहे. तो गृहस्थ पलंगावर बसला. मी सरकलो.

त्याने लॅपटॉप उघडला. हे कोणाचं जी? काका आठवतायत. माझ्याकडे बघून आठवतायत. काका, मी —

राहिलं असंन कोणाचं, म्हणाले. लागत असंन तर तुम्हीच घ्या.

गाणी त्यातच आहेत. त्याच गाण्यांवर काका टिकून आहेत, ती पुसली तर काकाही जातील, दुसरीकडे कुठेही प्रत —

तो म्हणाला, आतलं सगळं पुसून घेतो. मी त्याचा हात धरलाय. त्याला कळत नाही. मी ओरडतोय. काका, नाही म्हणा, फक्त नाही म्हणा —

काका हसले. हो, पुसून टाका, म्हणाले, आमचं त्यात काय