लिंबाचा डोस

४ फेब्रुवारी, सकाळ
मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून बायको महिनाभर तिच्याकडे गेली. जाताना गॅलरीतल्या कुंड्या माझ्या गळ्यात. विशेषतः लिंबू. तिने बी लावून वाढवलंय, इतक्या वर्षांनी आता कुठे कळ्या आल्यात. म्हणाली, माती कोरडी वाटली तर पाणी घाला, बाकी काही करू नका.
'वाटली' तर. या अंदाजपंचे कारभाराची शिसारी आली. मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. वाटण्यावर आम्ही एक डबा बाहेर सोडत नाही.

५ फेब्रुवारी
मीटर आणला. पाण्यात बुडवला की त्यात खत किती विरघळलंय ते आकड्यात सांगतो. खताचं पाणी घालण्याआधी मोजायचं, कुंडीतून ताटलीत निथरलेलं मोजायचं आणि त्यावरून डोस ठरवायचा. सोबतचं माहितीपत्रक फार बारीक अक्षरात. पहिलं पान वाचलं. पुढचं आपल्याला ठाऊकच असणार.

८ फेब्रुवारी
निळी खतभुकटी आणि माशाचं द्रवखत आणलं. दुकानदार म्हणाला, दोन्ही एकदम नको, आणि बेतानेच. त्याला सगळी गिऱ्हाइकं सारखीच. दोन्ही एकदम घातलं. वास असा की जेवण गेलं नाही. हात पुन्हा पुन्हा धुतले, तरी घास तोंडाशी नेला की कुजका मासा.
हरकत नाही. विज्ञानाला नाक नसतं.

१२ फेब्रुवारी
घातलेलं पाणी १.४. ताटलीतलं ३.२. म्हणजे जेवढं वाढलं त्याच्या दुपटीहून जास्त बाहेर. झाड खात नाही, थुंकतंय. कारण उघड आहे, इतकं पातळ कोण गिळेल? डोस दुप्पट.

संध्याकाळी
खालच्या मजल्यावरचे पेन्शनर वर आले. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी ठिपके. शर्ट माझ्या नाकाशी धरला. मी समजावलं की हे निथरलेलं पाणी आहे, घाण नव्हे. म्हणाले, मग प्या.
माणसाची पातळी कळली.

१७ फेब्रुवारी
मातीवर पांढरी खरपुडी धरलीय. पानांची टोकं करपली. उपासमार, दुसरं काय. ताटलीतल्या पाण्यावर तवंग, त्यात चिलटं मेलेली. रीडिंग ५.१. अजून थुंकतंय. डोस पुन्हा वाढवला.
बायकोचा फोन आला. कळ्या कशा आहेत विचारलं. म्हटलं, प्रक्रियेत आहेत. निम्म्या तेव्हा केराच्या सुपलीत होत्या. म्हणाली, ताईला रोज त्या कळ्यांचंच सांगते, तेवढाच तिला दुखण्याचा विसर पडतो. पहिलं लिंबू तिलाच देणार आहे.
मी बरं म्हटलं. मेहुणीला लिंबं बाजारातही मिळतात.

२१ फेब्रुवारी
उरलेल्या कळ्याही गळल्या. इतकं करूनही. या लिंबाचा मला वीट आलाय. जातच कृतघ्न. गॅलरीचं दार बंद ठेवतो, तरी वास पडद्यांना बसलाय. शेजारचे लिफ्टमध्ये माझ्याबरोबर येत नाहीत. जिना चढणं तब्येतीला चांगलं असतं, त्यांचंच भलं होतंय.

२४ फेब्रुवारी
मीटरची बॅटरी संपली. कुठली लागते ते बघायला माहितीपत्रक उघडलं. तिसऱ्या पानावर लिहिलंय की निथरलेल्या पाण्याचा आकडा घातलेल्या पाण्यापेक्षा फार वर गेला, तर मातीत खत साठलंय असं समजा. खत थांबवा, साध्या पाण्याने माती धुवा.
असली महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या पानावर छापतात. हलगर्जीपणाची हद्द आहे.

२५ फेब्रुवारी
माती धुतली. बादल्यांवर बादल्या ओतल्या. हयगय नको म्हणून सगळ्या एकापाठोपाठ. ताटली भरली, गॅलरी भरली, मग गॅलरीच्या नळीतून सगळं खाली. पेन्शनरांनी आजच गादी उन्हात टाकली होती.
या वेळी ते वर आले नाहीत. त्यांनी बायकोला फोन केला.

१ मार्च
बायको लवकर परत आली. ओरडली नाही. लिंबू कुंडीतून उपसलं. मुळं काळी, बुळबुळीत. पदर नाकाला लावून एकेक सडकं मूळ कापलं, माती बदलली, खोड अर्ध्यावर छाटलं. मी रीडिंगचा तक्ता घेऊन उभा होतो. सांगितलं की मीटरला बॅटरी मिळाली की आकडा बराच खाली आलेला दिसेल. म्हणाली, ठेवा तिकडे. मग कात्री खाली ठेवून विचारलं की ताईला आता काय सांगू.
बॅटरी मिळते का बघायला मी बाहेर पडलो.

२९ मार्च
लिंबू आता खालच्यांच्या गॅलरीत असतं. बायको सकाळी तिथे जाऊन पाणी घालून येते. किती घालते विचारलं तर लागेल तेवढं म्हणते.
आज कठड्यावरून वाकून पाहिलं. खोडाला दोन हिरवे कोंब. खतांचा परिणाम जरा उशिराच दिसतो, हे पेन्शनरांना वरूनच सांगितलं. ते म्हणाले, वहिनींनी सांगून ठेवलंय, तुम्ही वाकलात की कुंडी आत घ्यायची.
घेतली.